शेळीने नाकारलेली बळवंती

आज कुणाला त्या राजाचं नावही सांगता येणार नाही, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. त्याची राणी बाळंत झाली. बाळ छान होतं, पण राणीच्या अंगात उठून बसण्याचंही त्राण उरलं नाही. अंगावर पुरेसं दूध येईना, बाळ रडून रडून निळं पडे.

राजवैद्यांनी बळवंतीचा काढा द्यायला सांगितलं. बळवंती म्हणजे खडकाळ डोंगरावरची वीतभर वनस्पती. राजाच्या माळ्याने मात्र ती बागेत लावून, खतपाणी घालून कमरेएवढी वाढवली होती. त्याची मान कायम ताठ असे.

"डोंगरावर कशाला जायचं? माझी बळवंती बघा, मुळं मनगटाएवढी आहेत!" असं म्हणत त्याने मुळं उपटून दिली आणि पाला उकिरड्यावर टाकला. मूळ जाड म्हणजे गुण जास्त, अशी बिचाऱ्याची समजूत.

आठ दिवस काढा झाला. राणीत तसूभरही फरक पडला नाही. बाळाचं रडणंसुद्धा क्षीण झालं, तेव्हा माळ्याच्या घशाखाली घास उतरेना. बागेतल्या बळवंतीची एक जुडी घेऊन त्याने डोंगर गाठला. तिथे एक म्हातारी धनगरीण शेळ्या राखायची. आसपासच्या बाळंतिणींना तिच्याच औषधाने उतार पडे.

"आजी, माझ्या बळवंतीत काय कमी आहे?" त्याने विचारलं.

"मला काय इचारतोस? तिला इचार," म्हातारीने नुकत्याच व्यालेल्या शेळीकडे बोट दाखवलं. "दोन दिस हिच्या मागं फिर. ही जितं तोंड घालंल तितलंच घ्यायचं, आन् जे खाईल त्येवढंच घ्यायचं. माझ्या सासूनं मला असंच शिकीवलं."

माळ्याने आपली जुडी पुढे केली. शेळीने ती हुंगली, शिंकली आणि पाठ फिरवली. माळी ओशाळला. मग दोन दिवस तो तिच्या मागे काट्याकुट्यांतून फिरला. ओढ्याकाठची हिरवीगार बळवंती शेळीने ओलांडली. वर कातळाच्या भेगेतल्या खुरट्या रोपांचा पाला तिने चवीने खाल्ला आणि मुळांना तोंडही लावलं नाही.

माळी तोच पाला टोपलीभर घेऊन दरबारात गेला. "महाराज, चुकलो. जागा चुकली आणि मी फेकला तोच भाग कामाचा होता," त्याने सगळ्यांदेखत सांगितलं. हे बोलणं त्याला फार जड गेलं, पण तो बोलला.

राणीला आता काढ्याऐवजी त्या पाल्याची भाजी रोज मिळू लागली. पाचव्या दिवशी ती उशीला टेकून बसली. दहाव्या दिवशी बाळ पोटभर प्यायलं आणि आईच्या कुशीत गाढ झोपलं. माळ्याने बागेतला वाफा स्वतःच्या हाताने मोडला आणि तो रोज सकाळी डोंगर चढू लागला.

तात्पर्य : नुसतं औषधाचं नाव माहीत असून भागत नाही, ते कुठे वाढलं आणि त्याचं काय घ्यायचं, हे ज्याला कळतं त्याच्याच हाताला गुण येतो.