वाघजाळीचा एकटा सूर

वाघजाळीत लग्न असलं की अक्षता पडण्याआधी पिठाची गिरणी बंद करतात. मग मांडवात सनईवाला एकच सूर धरतो. चाल नाही, गाणं नाही. बाहेरच्या पाहुण्यांना वाटतं, गडी अजून तयारीच करतोय. पण तसं नाही. त्यामागची हकिकत जाणती माणसं सांगतात, ती अशी.

गेनू आणि लिंबा हे दोघे भाऊ सनईवाले. जत्रा असो, लग्न असो, बोलावणं येईल तिकडं चालत जायचे. चाल वाजवायचा गेनू. धाकटा लिंबा एक पाऊल मागं उभा राहून नुसता सूर धरायचा, गाल फुगवून, न तोडता. त्याला दुसरं काही येतच नव्हतं. "मला चाल कधी शिकवणार?" म्हटलं, की गेनू म्हणायचा, "तू सूर सोडलास तर मी पडन, लिंब्या. उभा रहा गपगुमान."

पुढं गेनूची छाती बिघडली. वैद्यानं फुंकणं बंद करायला सांगितलं. तेव्हा वाघजाळीच्या बायजाक्कानं आपला रिकामा गोठा दिला आणि भावांनी तिथं गिरणी घातली. बायजाक्का चेष्टा करायची, "गेन्या, सुरात सूर मिसळतोस तसा माझ्या ज्वारीत गहू मिसळू नकोस!" भुवयांपर्यंत पिठानं पांढरा झालेला गेनू म्हणायचा, "मग भाकरी बेसूर हुईल की, अक्का." सगळ्या गावाला त्याचा लळा लागला, म्हणे.

बायजाक्काच्या लेकीला, चंपाला, त्यानं शब्द दिला होता, "वैद्य काही म्हणू दे, तुझ्या लग्नात एकदा वाजवणार."

लग्नाला पंधरा दिवस उरले आणि गेनू गेला.

लोक म्हणाले, शेजारच्या गावचा सनईवाला आणू. लिंबा भडकला. "माझ्या भावाच्या जागेवर कुणी उभा राहिला, तर सनई मोडून हातात दीन!" बोलून बसला खरा, पण आता वाजवणार काय? आणि भावाचा शब्द तर खाली पडू द्यायचा नव्हता.

लग्नादिवशी त्यानं गिरणी बंद केली. मांडवात येऊन तो एक पाऊल मागंच उभा राहिला. पुढची जागा मोकळी. त्यानं सूर धरला. डोळे गळत होते, सूर तुटत नव्हता.

वऱ्हाडातला एकजण हसला, "अहो, चाल कुठं हाय?"

लिंबाच्या तोंडात सनई, तो काय बोलणार? अंतरपाटाआडून चंपाच म्हणाली, "गेनूमामा वाजवत्यात. ऐका की."

ज्यांनी ज्यांनी गेनूला कधी ऐकलं होतं, त्या सगळ्यांना त्या सुरावर त्याची चाल ऐकू आली, असं सांगतात.

आजही वाघजाळीत सूर धरणाऱ्याच्या पुढं कुणी उभं राहत नाही. एखादा अनोळखी वऱ्हाडी चुकून राहिलाच, तर कुणीतरी म्हातारं माणूस त्याचा दंड धरतं आणि हळूच सांगतं, "पाव्हणं, जरा सरका. तिथं थोरला उभा हाय."