जप्तीची मरळ

जहागिरीच्या तळ्यातला मासा धरला की फटके बसत आणि मासे जप्त होत. जहागीरदारांनी फटके वाढवत नेले, तरी चोर कमी होईनात. येसू भोईण भरल्या टोपलीसकट सापडली, तेव्हा ते गरजले, "हिचे हातच तोडा."

येसूची जीभ मात्र शाबूत होती.

"तोडा, सरकार. पण आज दुपारी पानात काय होतं?"

"मरळीचं कालवण."

"तळ्यात तर बंदी. मग मरळ आली कुठनं?"

"जप्तीतली."

"म्हणून तर तुमचे शिपाई आमची टोपली भरेस्तोवर झाडाआड बसतात. माझे हात गेले, तर उद्या पानात नुसती भाजी येईल."

जहागीरदारांनी मिशीवरून हात फिरवला. बोटांना अजून कालवणाचा वास होता.

"सोडा तिला," ते पुटपुटले. "टोपली तेवढी मुदपाकखान्यात द्या."