गेटवरचे तीन फटाके

एकदा एक तरुण प्राध्यापक इतिहास गोळा करायला निघाला आणि दहा दिवसांनी कोरी वही घेऊन परतला.

इतिहास होता एका छोट्या रेल्वेचा. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावापासून अकरा स्थानके घेत ही गाडी धावत असे. वाफेचे इंजिन, पाच डबे, आणि रूळ इतके अरुंद की लोक तिला लाडाने ‘बाहुलीची गाडी’ म्हणत. कापसाच्या गाठी, बाजाराची माणसे, लग्नाची वऱ्हाडे, सारे तिच्यातूनच जाई. गाडी बंद पडून चाळीस वर्षे लोटली. रूळ उखडले गेले, इंजिन भंगारात गेले, आणि जुन्या कचेरीतले कागद वाळवीने मन लावून वाचून संपवले. उरले होते ते गावातले दगडी स्टेशन. तेही पाडून तिथे दुकानांचे गाळे काढावेत, असे नगरपालिकेच्या मनात आले. प्राध्यापकाने हरकत घेतली, तेव्हा नगराध्यक्ष म्हणाले, “एका महिन्यात या रेल्वेचा खरा इतिहास लिहून आणा. सभेला पटला तर स्टेशनात संग्रहालय करू. नाहीतर गाळे.”

प्राध्यापक विद्वान होता, त्यामुळे त्याने आधी प्रश्नावली छापून घेतली. प्रश्न बेचाळीस. ती घेऊन तो जुन्या वाटेवरच्या गावांतून हिंडू लागला. एखाद्या वृद्धाला गाठून, पेन उघडून, तो अदबीने विचारी, “आजोबा, प्रश्न पहिला. या रेल्वेचा आपल्या गावाच्या जीवनावर कोणता परिणाम झाला?”

म्हातारा टोपी सावरी, इकडेतिकडे पाही आणि म्हणे, “आमाले काय मालूम, साहेब? आमी अनाडी मानसं. शिकेल मानसाले इचारा.” शिकलेला म्हणून जो दाखवला जाई, तो बहुधा गावात नुकताच बदलून आलेला शिक्षक असे, आणि त्याने ती गाडी जन्मात पाहिलेली नसे.

हताश होऊन प्राध्यापक गार्डबाबांकडे गेला. गार्डबाबा म्हणजे त्याच गाडीचे एके काळचे गार्ड. वय चौऱ्याऐंशी, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. गाव त्यांचा शब्द प्रमाण मानी, आणि प्राध्यापक तर त्यांना गुरूच मानी. त्यांच्या ओट्यावर बसून ऐकलेल्या गोष्टींमुळेच त्याला इतिहासाचे वेड लागले होते. पण सगळा इतिहास त्यांच्यापाशीही नव्हता. ते स्वतःच म्हणत, “अरे, गार्ड म्हणजे शेवटच्या डब्यातला माणूस. मागे काय सुटले तेवढे मला ठाऊक. पुढे काय चालले होते, ते पुढच्यांना विचार.”

“पुढचे बोलत नाहीत, बाबा,” प्राध्यापक रडवेल्या स्वरात म्हणाला. “वीस दिवस उरलेत.”

गार्डबाबांनी प्रश्नावली हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि तिच्यात शेंगदाणे बांधून खिशात ठेवले. “उद्या मी येतो बरोबर. तू फक्त लिही. तोंड उघडायचे नाही.”

दुसऱ्या दिवशी दोघे पहिल्या गावी गेले. पारावर सात-आठ म्हातारे बसले होते. गार्डबाबांनी शेंगदाणे वाटले, चहा मागवला आणि सहज म्हणाले, “या स्टेशनवर इंजिन पाणी घ्यायचे ना, ते नदीचे. फार गोड पाणी.”

एक म्हातारा तंबाखू मळता मळता थांबला. “नदीचं? कोनं सांगतलं तुमाले? इहिरीचं पानी व्हतं ते! माझ्या बापानं खोदली ती इहीर!”

“छे, छे. नदीचे.”

“अहो, नदी उन्हायात कोल्डी पडते! तुमी गार्ड व्हते का कोन व्हते?” म्हातारा उठूनच उभा राहिला. मग दुसऱ्याने विहिरीची खोली सांगितली, तिसऱ्याने मोट ओढणाऱ्या बैलांची नावे सांगितली, आणि ते बैल इंजिनाच्या शिट्टीला बुजत म्हणून त्यांच्या कानात कापसाचे बोळे घालत, हे चौथ्याला आठवले. प्राध्यापकाचे पेन धावता धावता दमले. ज्या माणसांनी आठवड्यापूर्वी त्याला “आमाले काय मालूम” म्हणून वाटेला लावले होते, तीच माणसे आता एकमेकांचा शब्द तोडून बोलत होती.

दुसऱ्या गावी गार्डबाबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “आपली गाडी मात्र वेळेची पक्की. एक मिनिट उशीर नाही.”

सगळा पार खदखदून हसला. मग कोणाच्या लग्नात नवरी तयार व्हायला उशीर झाला म्हणून गाडी तासभर कशी थांबली, हुरड्याच्या दिवसांत ड्रायव्हर कोणत्या शेताशी गाडी उभी करी, आणि प्रवासीही उतरून हुरडा खात व शेतमालकाला चटणीत मीठ कमी असल्याचे कसे सांगत, ते सारे वहीत आले. संध्याकाळपर्यंत तेवीस पाने भरली.

परतीच्या एसटीत मात्र शिष्याचा चेहरा पडलेला होता. वही भरल्याचा आनंद होता, पण मनात काटा सलत होता. शेवटी तो म्हणाला, “बाबा, आपण असे खोटे बोलता? खरा इतिहास लिहायचा, आणि त्याची सुरुवात थापेने?”

गार्डबाबा हसले. “माझी थाप तुझ्या वहीत गेली का?”

“नाही.”

“मग ती माझ्या माथी राहू दे. आता ऐक. तू जेव्हा प्रश्न विचारतोस, तेव्हा समोरच्याला वाटते, हा परीक्षा घ्यायला आला. ज्याला शाळेने कधी पुढच्या बाकावर बसवले नाही, तो आता म्हातारपणी परीक्षेला कशाला बसेल? तो गैरहजर राहतो. पण मी चुकलो, की तो मास्तर होतो आणि मी ढ पोरगा. जे त्याला आयुष्यात कोणी विचारले नाही, ते तो मला शिकवायला लागतो. ज्ञान या सगळ्यांपाशी आहे रे. ते आपले आहे, एवढेच त्यांना कोणी सांगितलेले नाही. आपल्या शेतात दुसऱ्याचे ढोर शिरले की मालक कसा धावत येतो? मी ढोर सोडतो, आणि मालक कोण ते आपोआप कळते.”

“पण मालकही चुकत असेल तर?”

“म्हणून एका गावाने सांगितलेले दुसऱ्या गावात पडताळून घे. आणि ज्याने चूक दुरुस्त केली, त्याचे नाव लिहून ठेव.”

शिष्याला ही युक्ती इतकी आवडली की चौथ्या गावी तोंड न उघडण्याची आज्ञा तो विसरला. घसा खाकरून म्हणाला, “या गाडीचे इंजिन डिझेलवर चालत असे.”

कोणी दुरुस्त केले नाही. कोणी रागावलेही नाही. एका म्हातारीने त्याच्याकडे मायेने पाहिले आणि सुनेला हाक मारली, “अव सुनबाई, याले पानी दे. पोराले ऊन लागलं.”

गार्डबाबा वाटभर हसत होते. “अरे, भलती मोठी चूक केली की लोकांना दया येते. चूक कशी, पिठात मिठाएवढी हवी. तोंडात घास घेतल्यावर कळली पाहिजे.”

असे करत दहा गावे झाली. वही संपली, दुसरी संपली, तिसरी निम्मी झाली. महिना संपायला दोन दिवस उरले होते आणि एकच गाव राहिले होते, अकरावे. त्या सकाळी गार्डबाबा इस्त्रीचा सदरा घालून आले. हातात एक कागद होता, घड्यांवर विरलेला.

“आज ढोर सोडायचे नाही,” ते म्हणाले. “आज मी अक्षरन् अक्षर खरे सांगणार आहे. वाळवीच्या तोंडातून वाचलेला हा एकच कागद. माझा स्वतःचा अहवाल. तुझ्या इतिहासातले सोन्याचे पान.”

प्राध्यापक हरखला. इतक्या दिवसांत प्रथमच त्याला लेखी पुरावा मिळत होता.

अकराव्या गावाबाहेर, जिथे रूळ रस्ता ओलांडत, तिथे गेटमनची खोली अजून उभी होती. तिच्या सावलीत दहा-बारा माणसे जमली. गार्डबाबांनी चष्मा लावला आणि वाचू लागले. बेचाळीस वर्षांपूर्वी, हिवाळ्यातल्या एका सकाळी, कापसाने भरलेली बैलबंडी गेटात चाक अडकून रुळांवर बसली. गाडी यायची वेळ झालेली. धडक बसली असती तर बंडीचा चुरा झाला असताच, शिवाय इंजिनाची एक ठिणगी कापसाला पुरे होती. पण गेटमन श्रावण धावत पुढे गेला आणि त्याने नियमाप्रमाणे रुळावर तीन फटाके बांधले. हे फटाके धोक्याच्या वेळी लावत. चाकाखाली फुटले की ड्रायव्हरने गाडी जागीच थांबवायची. “आणि धाड, धाड, धाड!” गार्डबाबा कागदावरून मान वर करून म्हणाले. “तीन आवाज झाले आणि गाडी थांबली. त्यासाठी श्रावणला प्रशस्तिपत्र मिळाले.”

माणसांनी टाळ्या वाजवल्या. श्रावण त्यांच्याच गावचा होता, आणि त्याला जाऊन सहा वर्षे झाली होती. तेवढ्यात मागून एक बारीक आवाज आला.

“दोन.”

तुरीच्या शेंगा सोलत बसलेली ती म्हातारी श्रावणची विधवा, पंचफुलाबाई. तिने मान वर केली नव्हती.

“दोनच फुटले व्हते फटाके.”

“बाई, नियम तीनचा आहे,” गार्डबाबा जरा ताठ होऊन म्हणाले. आज ते खरे बोलत होते ना!

“असन नियम तीनचा. डब्ब्यात दोनच व्हते. तिसरा आमच्या घरधन्यानं दिवाईले उडवला व्हता, पोराईच्या हट्टापाई.”

हशा पिकला. गार्डबाबांना मात्र हसू आले नाही. “हे तुम्हाला श्रावणने सांगितले?”

“तो काय सांगते? तो व्हता कुठी?” म्हातारीने एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. “तो शंकरपट पाहाले गेल्ता. बैलाईच्या शर्यतीचं नाव काढलं की त्याचा पाय घरात ठरत नव्हता.”

प्राध्यापकाने हळूच विचारले, “मग फटाके कोणी लावले, आजी?”

“म्या लावले.” इतके म्हणून तिने सूप खाली ठेवले. “बंडीवाला डोक्याले हात लावून बसला व्हता. म्या डब्बा घेतला अन् पयत सुटली. लांबवर जाऊन एक बांधला, मंग पुढं जाऊन दुसरा. फटाक्याची पट्टी रुळाले गुंडाळाची मले येत व्हती, त्याचं पाहून पाहून. डायवर उतरून इचारे, श्रावण कुठी हाय? म्या म्हनलं, पलीकडून झंडी दाखवाले गेला. खरं सांगतलं असतं तं त्याची नोकरी जात व्हती, बाबू. मंग तुमी लोकं हार घेऊन आले, अन् तो घातला त्याच्या गयात. म्याच त्याले म्हनलं, वाक जरासा, हार अडकते.”

“आणि इतकी वर्षे तुम्ही कोणालाच सांगितले नाही?” प्राध्यापक लिहायचे थांबून म्हणाला.

“कोनी इचारलं? आता तो गेला, गाडीबी गेली, कोनाची नोकरी जाते?” ती थोडी हसली. “आजबी नसती बोलली. पन यायनं तीन म्हनलं ना. तीन म्हनलं म्हून रायवलं नाई.”

गार्डबाबा जागचे उठले. टोपी काढली आणि त्या म्हातारीला वाकून नमस्कार केला. ती संकोचून पदर सावरू लागली. मग त्यांनी प्राध्यापकाकडे पेन मागितले, विरलेला कागद मांडीवर पसरला, ‘तीन’ खोडून ‘दोन’ लिहिले, ‘श्रावण’ खोडून ‘पंचफुलाबाई’ लिहिले आणि खाली आजच्या तारखेची सही केली.

परतताना शिष्याने विचारले, “बाबा, खरे सांगा. ती ‘तीन’ची चूक आपण मुद्दाम केली होती?”

“नाही रे,” गार्डबाबा म्हणाले. “गाडी थांबल्यावर मी नियमाप्रमाणे शेवटच्या डब्यामागे झेंडी धरून उभा होतो. पुढचे ड्रायव्हरने सांगितले तसे लिहिले. पण आवाज माझ्या कानांनी ऐकले होते, आणि ते दोनच होते. नियम तीनचा, म्हणून हाताने तीन लिहिले. मग बेचाळीस वर्षे तो कागद वाचून वाचून मला तीनच ऐकू येऊ लागले.” आणि ते एकाएकी इतके हसू लागले की डोळे पुसावे लागले. “दहा गावांत मी खोटे बोललो आणि कधी फसलो नाही. खरे बोलायला गेलो, आणि तोंडघशी पडलो! पण काय सांगू, फार बरे वाटते आहे.”

इतिहास वेळेत सभेपुढे गेला. पहिल्याच पानावर, ज्यांनी चुका दुरुस्त केल्या, त्या सर्वांची नावे होती, आणि सभेतल्या निम्म्या सदस्यांना त्यांत आपला आजा नाहीतर आजी सापडली. गाळ्यांचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

संग्रहालय उघडले त्या दिवशी पंचफुलाबाईंना मानाने आणले. प्राध्यापकाने रुळाचा एक तुकडा मिळवून त्यावर फटाक्याची प्रतिकृती बांधली होती. रात्री जागून, पुस्तके पाहून. म्हातारीने ती डोळे बारीक करून पाहिली आणि मान हलवली. “पट्टी उलटी गुंडाळली, बाबू. अशानं ते चाकाखाली सरकून जाते.”

पाहुणे अवघडले. नगराध्यक्ष काहीतरी बोलणार होते. पण प्राध्यापक त्यांच्या आधीच पुढे झाला होता. त्याने काचेचे झाकण उचलून बाजूला ठेवले, म्हातारीसाठी खुर्ची ओढली आणि स्वतः जमिनीवर बसला.

“चुकलो, आजी,” तो म्हणाला. “कशी बांधायची ते दाखवा.”