राजवस्त्राचा धागा

महाराजांचा अंगरखा तिसऱ्यांदा यंत्रातून बाहेर आला आणि तिसऱ्यांदाही ओलाच निघाला!

कातळगडच्या धुंडीराजे महाराजांचा पारा चढला. दुपारी दरबार, अंगावर जरीचा अंगरखा हवा, आणि इथे बाह्यांतून दमट वाफ येत होती. कपडे वाळवायचं हे विजेचं यंत्र महाराजांनी मोठ्या हौसेनं साता समुद्रापलीकडून मागवलं होतं. ते आलं त्या दिवशी वाड्यातल्या झाडून साऱ्या वाळणाच्या दोऱ्या त्यांनी कापून टाकायला लावल्या. पाहुण्यांच्या डोक्यावर राजाचे पायजमे फडफडतात, हे त्यांना बघवत नव्हतं.

"पंत! यंत्राला झालंय काय?" महाराज गरजले.

गुंडोपंत वाड्याचे यंत्रपंडित. यंत्राला दुसऱ्या कुणाचं बोट लागू द्यायचे नाहीत. कपाळावर आठ्या घालून ते म्हणाले, "यंत्र ठणठणीत आहे, महाराज. दोष परटिणीचा! ठकू कपडे नीट पिळतच नाही."

लगेच ठकू परटिणीला बोलावणं गेलं. बिचारी वीस वर्षं वाड्याचे कपडे धूत होती, परसदारच्या दोन खोल्यांत राहत होती. महाराज म्हणाले, "ठकू, उद्या खोल्या रिकाम्या कर. नवी परटीण येईल."

ठकूचं राहतं घरच जाणार होतं. पण तिची जीभ काही लुळी पडली नाही.

"जाते, सरकार. पन नवी आली तरी अंगरखा वलाच ऱ्हानार! एकदा मला यंत्र बघू द्या."

"तू? यंत्र बघणार?" पंत खो खो हसले. "बाई, यात तापणारी तार असते, फिरवणारा पट्टा असतो, मोटर असते..."

"पिंप फिरतंय का, पंत?"

"गरागरा!"

"मंग पट्टा आन् मोटर शाबूत. आत गरम हुतंय का?"

"चटका बसतो!"

"मंग तारबी शाबूत. आता सांगा, वारा कुठनं जातो?"

पंत यंत्राभोवती फिरून वाऱ्याची वाट शोधू लागले.

"सरकार," ठकू म्हणाली, "कडक ऊन असलं आन् वारा पडला, तर दोरीवरचं लुगडं सांजपतुर दमट ऱ्हातं. नुसत्या उन्हानं भागत न्हाई. वल घेऊन जायला वारा लागतो."

महाराजांना मौज वाटली. पण हट्ट म्हणजे हट्ट! "ठीक आहे. दुपारची नौबत वाजायच्या आत अंगरखा वाळला पाहिजे. मात्र माझ्या यंत्राचा एकही स्क्रू फिरवायचा नाही, आणि बाहेरून नवा भाग आणायचा नाही. कबूल?"

"कबूल!"

ठकूनं आधी भिंतीतून यंत्राची पिन उपसली. विजेशी मस्करी नको, एवढं तिला कळत होतं. मग यंत्राच्या दाराशी हात घालून तिनं एक जाळी सरकन वर ओढली. जाळी कसली, ती गोधडीच झाली होती! कपड्यांचा झडलेला कापूस बोटभर जाड थरानं बसला होता. ठकू तो ओरबाडणार, एवढ्यात पंत किंचाळले.

"हां हां हां! राजवस्त्राचा धागा आहे तो! पणजोबा महाराजांचा नियम. राजाच्या कपड्याचा धागा वाड्याबाहेर टाकायचा नाही. वैऱ्याच्या हाती लागला तर करणी होते! जाळायचा तर मुळीच नाही, तो अपशकुन. म्हणून तर मी वर्षभर जाळीला हात लावलेला नाही."

"बरोबर आहे!" महाराजांनी मिशीवर ताव दिला. "धागा टाकायचा नाही, जाळायचा नाही. आणि वाटेल त्याला हात लावता येईल अशा जागी ठेवायचाही नाही. कर आता दुरुस्ती!"

झाली का पंचाईत! जाळी साफ करावी तर नियम मोडतो, न करावी तर घर जातं. ठकूची नजर धुवायला आलेल्या ढिगाकडे गेली. मग तिच्या गालावर हसू फुटलं.

"पंत, एक सुई द्या. आन् दार लावून घ्या."

"सुईनं यंत्र दुरुस्त करणार?" पंत फिसकन हसले. पण सुई दिली.

महाराज बाहेर पडले. पंतांनाही बाहेर घालवून ठकूनं पदर खोचला. जाळी निपटून काढली. यंत्र पुढं ओढून मागची नळी हातानंच सोडवली. तीही कापसानं गच्च! बांबूला फडकं बांधून तिनं नळी आरपार साफ केली, भिंतीबाहेरचं तोंड मोकळं केलं. टोपलीभर कापूस निघाला. मग जाळी आणि नळी जागच्या जागी बसवली, अंगरखा आत टाकला आणि पिन लावून यंत्र सुरू केलं. बाहेर हात धरला, तर वाऱ्याचा झोत आला. ठकूला असा आनंद झाला की तिनं यंत्रालाच नमस्कार ठोकला.

नौबत झडायच्या आत अंगरखा कोरडा ठणठणीत! महाराजांनी तो घातला, ऐटीत दरबारात आले आणि सिंहासनावर टेकले.

"वाहवा, ठकू! पण धागे कुठे आहेत? फेकलेस?"

"न्हाई, सरकार."

"जाळलेस?"

"छ्या! वाड्यातच हायेत."

पंत पुढे सरसावले. "खोटं बोलते, महाराज! मी साऱ्या खोल्या धुंडाळल्या. धागा नाही कुठे!"

"एक जागा ऱ्हायली की, पंत," ठकू म्हणाली. "सरकारांच्या सिंहासनावरल्या गादीची खोळ धुवायला माझ्याकडंच हुती. तिच्यात भरून टाके घातले आन् सिंहासनावर ठिवली. राजाचा धागा राजाच्याच बुडाखाली! आता कुना वैऱ्याला करनी करायची असंल, तर आदी त्यानं सरकारांस्नी उठवून दावावं!"

महाराजांनी बुडाखालची गादी चाचपून पाहिली. मग महाराज असे हसले, असे हसले, की नव्या गादीवर दोनदा उसळले!

"कोण आहे रे तिकडे! ठकूच्या दोन्ही खोल्या तिच्या नावावर करा. तिच्या हातात सोन्याच्या पाटल्या घाला. आणि पंत, उद्यापासून रोज जाळी तुम्ही साफ करायची, अन् कापूस ठकूबाईंच्या स्वाधीन करायचा. राणीसाहेबांनाही एक गादी हवी आहे!"