दिलेली मूठमाती

एकदा एका वृद्ध आचार्यांनी आपल्या शिष्यावर एक टेकडी सोपवली. टेकडीच्या माथ्यावर दगडांचा एक पुरातन ढीग होता. कुणा विस्मृत काळातल्या माणसांनी त्याखाली आपला मृत पुरला होता. अलीकडे लोक घरे बांधायला त्यातले दगड उचलून नेत. "एवढा ढीग राखलास, की तुझी विद्या पुरी झाली," असे सांगून आचार्य यात्रेला गेले.

शिष्य मोठा उत्साही. आणि उत्साहाला डोळे जरा कमीच असतात. त्याने ढिगाभोवती कंबरभर भिंत रचली. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला, म्हणून त्याने ढिगाच्याच कडेचे दगड घेतले.

भिंत पुरी झाली आणि टेकडी पालटली. पूर्वी वारा ढिगात शिरला की मंद हुंकार उठे. आता ढीग मुका झाला, आणि हुंकार भिंतीतून येऊ लागला. कधी पाठीमागून, कधी अगदी कानाशी. टळटळीत दुपारीसुद्धा शिष्याला भिंतीकडे पाठ करवेना. भीती वाटे, पण कशाची ते कळत नसे.

आचार्य परतले. भिंत पाहताच त्यांनी वहाणा काढल्या आणि एकेका दगडाला हात लावून ते म्हणू लागले, "राम राम. राम राम."

शिष्याच्या अंगावर काटा आला. "गुरुजी, हे कुणाला?"

"टेकडीचा दगड काळा, धारदार. हे गोल गोटे नदीचे. इथवर कसे चढले?"

"कुणीतरी आणले असतील."

"सगळ्यांनी आणले, बाळ. आपण मूठमाती देतो ना, तशी त्या जुन्या माणसांनी दगडाने दिली. माणशी एक." फटीत ठोकलेल्या लिंबाएवढ्या गोट्यावर त्यांनी बोट ठेवले. "हा एखाद्या लेकराने आणला असेल. चोर निदान चोरी करतो हे जाणतो. त्यांनी दिलेली मूठमाती तू काढून घेतलीस आणि त्याला राखण म्हणालास."

शिष्याचे डोळे भरून आले. "आत्ता परत ठेवतो!"

"कुठे? कोणता दगड कशाखाली होता, आठवते?"

त्याला एकही आठवेना.

"मग उरलेल्याला हात लावू नकोस. आणि हलवलेले लपवू नकोस."

त्यानंतर माथ्यावर येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी आपली भिंत दाखवी, मग ढीग. उतरताना भिंतीला राम राम करी. वारा असला की हुंकार येई, आणि त्या लिंबाएवढ्या गोट्यापाशी तो किंचित बारीक होई, लेकराच्या आवाजासारखा.

ज्याला काही राखायचे आहे, त्याने ते आधी स्वतःच्या हातांपासून राखावे.