हात हसला पाहिजे

फार वर्षांपूर्वी, म्हणजे पांगारखोऱ्याच्या भैरोबाला अजून मिश्यासुद्धा फुटल्या नव्हत्या तेव्हा, आमच्या गावात गोजरा नावाची कासारीण यायची. असं म्हणतात. म्हणणारे आमच्याच गावचे, तेव्हा थोडं कमीजास्त तुमचं तुम्ही धरून चाला.

डोक्यावर बांगड्यांचा पेटारा, तोंडात तंबाखू आणि जिभेवर असल्या गोष्टी की सासवा सुनांचे कान झाकायच्या आणि स्वतः पुढे सरकून ऐकायच्या. आता गोजरा चावट होती हे खरं. पण चावटपणा हा तिच्या धंद्याचा भाग होता, हे पुष्कळांना शेवटपर्यंत कळलं नाही. बांगडी भरताना हात आवळून धरला की काच फुटते. हात सैल पडला की लहान मापाची बांगडीसुद्धा सर्रकन आत जाते. आणि हात सैल कधी पडतो? माणूस मनापासून हसलं की. म्हणून गोजरा आधी हसवायची, मग भरायची.

असे हात धरता धरता तिला एक विद्या आली. तोंडाचं हसू आणि हाताचं हसू वेगळं असतं, हे तिला कळायला लागलं. थोरल्या पाटलीणबाई एकदा आढं हलेल इतक्या हसल्या, पण हात मुसळासारखा ताठ. गोजराने बांगडी परत पेटाऱ्यात ठेवली, प्यायला पाणी मागितलं आणि दिवस कलेपर्यंत जागची हलली नाही. शेवटी पाटलीणबाई पोटभर रडल्या. मग बांगड्या आपोआप चढल्या, असं म्हणतात.

त्या काळी गावात गेनू सोंगाड्या होता. भैरोबाच्या जत्रेत तो राणीचं सोंग घ्यायचा आणि गावाची हजेरी घ्यायचा. पाटलांची चाल, गुरवाचं घोरणं, दोन जावांचं पाणवठ्यावरचं भांडण, काही म्हणून सोडायचा नाही. ज्याची नक्कल व्हायची नाही तो वर्षभर रुसून बसायचा. सोंग घेण्याआधी जत्रेच्या सकाळी गेनू पारावर बसून गोजराकडून बांगड्या भरून घ्यायचा, आणि ते बघायला सोंगाइतकीच गर्दी व्हायची.

त्या वर्षीही गर्दी झाली. गेनूने हात पुढे केला.

"घट्ट भर, गोजरामावशी. यंदा परत उतरवायच्या न्हाईत."

लोक हसले. पाटील म्हणाले, "मग काय गेन्या, लुगड्यातच नांगर धरनार का रं?"

"नांगर कशाला पाटील? माज्यावाचून बैलं बरी चालत्यात. ती बी सुटतील."

लोक आणखी हसले. गेनूची बायको हिराई मागून ओरडली, "आन् मी काय करायचं वो?"

"तू? निवांत झोपशील. घरातलं घोरणं जाईल."

गर्दी पोट धरून हसली. गेनूही हसला. गोजराने सगळ्यात मोठ्या मापाची बांगडी काढली, त्याच्या बोटांवरून सरकवली, आणि ती अंगठ्याशी अडली. दाबली तर वाढली. (फुटली म्हणायचं नाही, कासारीण ऐकत असेल.) दुसरी घेतली, तीही वाढली. गेनूचा पंजा बाभळीच्या खुंटासारखा झाला होता.

गोजराच्या मनात काहीतरी खटकलं. मागल्या वर्षी हा मेला सगळ्या गावाला हसत होता, अधूनमधून स्वतःलाही. यंदा नुसता स्वतःलाच हसतोय. आणि दर हसण्यात हा घरातनं, शेतातनं, गावातनं वजा होतोय.

"हसू नका रं मुडद्यांनो!" ती ओरडली. "तोंड हसतंय त्येचं, हात हसत न्हाई!"

गोजराने गेनूचा हात तसाच धरून विचारलं, आडपडदा न ठेवता, "गेनू, कुठं निघालास?"

गेनूने आणखी एक हसू तोंडावर आणून बघितलं. ते टिकलं नाही.

"डोहावर," तो म्हणाला. "सोंग झालं की."

काय कमी होतं त्याला? बैल होते, बायको होती, पोरं होती. लोकांनी नंतर पुष्कळ कारणं शोधली, एकही सापडलं नाही. आतला दिवा विझत आला होता, एवढंच. आणि सगळा गाव त्याच्या उजेडात बसून टाळ्या वाजवत होता.

गुरव चुळबुळला. "ते समदं खरं, पन सोंग तर व्हाया पायजे. देव कोपंल."

"कोपू दे! हात पुढं कर म्हणावं, त्येला बी बांगडी भरते."

त्या वर्षी सोंग झालं नाही. गोजराने गेनूचा हात सोडलाच नाही. ती दमली की हिराईने धरला, मग पाटलांनी, मग गुरवाने. गेनूशी बांधावरून वैर असलेला सखोबासुद्धा मुकाट येऊन हात धरून बसला. गोजराचा एकच दंडक होता, गेनूने कुणाला हसवायचं नाही आणि कुणी त्याला हसवायचं नाही. त्याला बोलायचं असेल ते बोलू द्यायचं, नसेल तर भाकरी खायची. गेनूने आधी नुसती भाकरीच खाल्ली. मग बोलायला लागला तो थांबेचना. पिंपळाने पानं हलवायची बंद केली, आणि जसजसा तो बोलला तसतसा डोह आटत गेला, असं म्हणतात. आजही तिथं म्हैस बसली तर पाठ कोरडी राहते. जाऊन बघा.

मग एका दुपारी पाटलांची पाळी होती. हात धरल्या धरल्या पाटलांना डुलकी लागली, पागोटं घरंगळलं आणि शेळीने ते चघळायला घेतलं.

गेनू बघत राहिला. मग म्हणाला, "पाटील, उठा. शेळीनं तुमची अक्कल खाल्ली. उद्यापासनं गावाचा निवाडा तीच करनार. आन् बरा करंल!"

पाटलांच्या मुठीत गेनूचा हात लोण्यासारखा झाला. पलीकडे घोंगडीवर गोजरा झोपली होती. ती डोळे न उघडता उठली, पेटाऱ्यातून बांगडी काढली आणि सर्रकन चढवली. मग दुसरी, मग कोपरापर्यंत. सोंग तिथंच झालं, भर उन्हात, जत्रा नसताना. भैरोबाच्या पितळी मुखवट्याला त्या दिवसापासून गालावर खळी आहे. गुरवाचे वंशज म्हणतात, मुखवटा पडून पोचा आला. गुरवाचं काय ऐकायचं?

गोजरा गेली त्या दिवशी गावातल्या सगळ्या बायकांच्या बांगड्या आपोआप किणकिणल्या, असं म्हणतात. गेनू तिला खांदा द्यायला गेला तो दोन्ही हात बांगड्यांनी भरून, आणि वाटेने तिच्या चावट गोष्टी सांगत. लोक रडत होते आणि हसत होते.

अजून जत्रेच्या सकाळी पारावर तिच्या नावाचा पेटारा मांडतात. बाया, बाप्ये, पोरं, सरपंच, नवे जावई, सगळ्यांनी हात पुढे करायचा, एक चावट गोष्ट ऐकायची आणि एक बांगडी भरून घ्यायची. कुणाचा हात ताठ लागला तर कुणी बोभाटा करत नाही. त्या माणसाशेजारी कुणीतरी बसतं आणि विचारतं, "कुठं निघालास?" हात सैल होईतो सोंग थांबतं. एका साली ते पार पुढच्या महिन्यावर गेलं होतं. पाहुण्यांचे मटणाचे बेत फसले, पण कुणी कुरकुरलं नाही.

पांगारखोऱ्याची जत्रा कधी वेळेवर होत नाही म्हणून शेजारची गावं आम्हाला हसतात. हसू देत. फक्त हसताना जरा हात पुढे करा म्हणावं, बघू.