घाटावरचा चिखल

नदीवर पूल नव्हता त्या काळी कवडी नावाची म्हैस लहान जनावरांना पाठीवर घेऊन पैलतीरी सोडत असे. ससे, खारी, म्हातारी साळिंदरआजी, सगळे चिखलाच्या पायांनी चढत. पण कवडीला आता दम लागे. दरबाराने राखीव कुरणातला चारा लावून दिला असता, तर आणखी दोन म्हशी कामाला घेता आल्या असत्या. चार वर्षं अर्ज केल्यावर कुठे वाघमहाराज स्वतः घाट बघायला येणार असं ठरलं.

आदल्या दिवशी कवडीने सगळ्यांना बजावलं, "उद्या कोणीही यायचं नाही. तुमचा चिखल महाराजांच्या डोळ्यांत खुपायचा."

"आमची लाज वाटते का गं तुला?" साळिंदरआजीने विचारलं.

"तुमच्यासाठीच चाललंय ना हे सगळं!" कवडी फणकारली.

सकाळी ती काठावरच्या खडकाला पाठ घासून घासून चकचकीत झाली. महाराज आले. त्यांनी तिची पाठ बघितली, मग रिकामा घाट बघितला.

"छान! पण इथून जातं कोण?"

"पुष्कळ जण जातात, महाराज. आज मीच त्यांना..."

"मला तर कोणी दिसत नाही." महाराज वळले, आणि संध्याकाळच्या आत दरबाराने अर्ज नामंजूर करून निकाली काढला.

दुसऱ्या दिवशी साळिंदरआजी आली आणि चढायच्या आधी नदीत पाय धुऊ लागली.

"असू दे गं आजी तो चिखल," कवडी म्हणाली.

आजीने चारही पाय नीट धुतले आणि मगच ती पाठीवर चढली.